गोकुळातल्या टोळीबरोबर

सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीवर उभे राहा. समोर पूर्णेचं अडवलेलं पाणी पसरलंय. भिंत मातीची, सहा किलोमीटरहून लांब. हेच पाणी कालव्यांतून वसमत, परभणी, नांदेडच्या रानांत जातं. पण तुम्हाला जिथं जायचंय तिथं ही भिंत नाही. तेव्हा वर्षं मागं सारत चला.

१ मे १९९९ ओलांडलात की हिंगोली जिल्हा पुन्हा परभणीत मिसळतो. १९६८ ओलांडलात की धरण नाहीसं होतं, पाणी उतरतं आणि बुडालेली रानं उघडी पडतात. सप्टेंबर १९४८च्या मागं गेलात की निजामाचा अंमल लागतो. अजून मागं चला. १९१९ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर थांबा.

आता तुम्ही नऊ वर्षांचे आहात. अंगात बंडी, कमरेला करदोटा, पायात काही नाही. खाली पूर्णा आपल्या जुन्या पात्रातून वाहते आहे आणि काठावर तुमची टोळी जमली आहे. थोरला उंच दरडीवरून डोहात उडी घेतो. त्याच्यामागं दुसरा. धाकट्याला भीती वाटते म्हणून तो सगळ्यांचे कपडे सांभाळत बसतो. पोहून झालं की भूक लागते, आणि समोरच्या रानात हरभरा घाट्यांनी भरलेला असतो. माळ्यावरचा जागल्या डुलकी काढतोय असं वाटतं, म्हणून तुम्ही वाकून शिरता. डहाळे उपटून होतात न होतात तोच गोफणीचा दगड सणाणत डोक्यावरून जातो. सगळे पळतात. धाकटा मागं राहतो, जागल्याच्या हाती सापडतो आणि सगळ्यांच्या वाटचा मार एकटा खातो.

संध्याकाळी टोळीची बैठक बसते. धाकट्याच्या पाठीवर वळ उठलेत. थोरला म्हणतो, "त्यानं याला मारलं ना? मग आता बघू त्याच्याकडं." रात्री जागल्याच्या माळ्याची शिडी गायब होते. पहाटे तो वर अडकून हाका मारतो आणि तुम्ही झुडपामागं तोंडात बंडीचं टोक कोंबून हसू दाबता. दुपारपर्यंत तक्रार घरी पोचलेली असते. आजी कान पिळते.

"काहून पळविली रे शिडी?"

तुम्ही गप्प राहता. टोळीतलं टोळीबाहेर सांगायचं नाही, हा नियम तुम्हाला कुणी शिकवलेला नाही, पण तो तुम्हाला पाठ आहे.

हे हसणं तुमच्या आजीला मनातून हवं आहे. गेल्या वर्षी, १९१८ साली, मानमोडीची साथ आली होती. घराघरांतून माणसं गेली. पाऊसही रुसला होता. तुमच्या टोळीतले दोघे आता नाहीत. या गावात पोरांच्या आवाजाची किंमत या वर्षी सगळ्यांना कळलेली आहे. म्हणून आजी कान पिळते आणि मग हातावर गुळाचा खडा ठेवते.

चोरी, खोडी, तक्रार आणि शिक्षा ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकलेली आहे. महाशिवरात्रीला औंढा नागनाथाच्या यात्रेत बुवा उभे राहिले होते. हा मुलूख तसा नामदेवांचा: नर्सी इथून दूर नाही, आणि नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्यातच भेटले असं सगळे सांगतात. बुवांनी गोकुळातल्या गौळणींचं गाऱ्हाणं सांगितलं: हा तुझा कान्हा आमचं लोणी खातो, मडकी फोडतो, वासरं सोडतो. बायका हसल्या, म्हातारे हसले. पोरांनी मात्र ते अगदी गंभीरपणे ऐकलं. आपल्यासारखाच कुणी एक पोरगा देव झाला, हे त्यांच्यासाठी फार मोठं होतं.

चार दिवसांनी मामा येतो. मामा सुतार आहे, नाशिकला एका कंपनीत कामाला लागलाय. तिथं तो घरं बांधतो, पण त्या घरांना छप्पर नसतं. "छप्पर नाही तर घर कशाचं?" तुम्ही विचारता. मामा हसतो. "चल, दाखवतो."

"लेकरू लांब चाललंय, जपून ने रे बाबा," आजी म्हणते आणि भाकरीचं गाठोडं हातात देते.

बैलगाडीनं हिंगोली. तिथून आगगाडी. हिंगोलीला पूर्णा जंक्शनशी जोडणारा फाटा सुरू होऊन जेमतेम सात वर्षं झालीत, त्यामुळं डब्यातले निम्मे लोक तुमच्यासारखेच खिडकीला चिकटलेले आहेत. पूर्णेला गाडी बदलायची. मग परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद. रूळ अरुंद, मीटरगेजचे. मनमाडला निजामाची रेल्वे संपते आणि मामा कमरेच्या पिशवीतून पैसे काढून मोजतो. तुमच्या मुलखातला हाली शिक्का पुढं चालत नाही, इथून इंग्रजी कलदार लागतो. एका फलाटावरून दुसऱ्यावर गेलं की रुपयाचं नाव आणि मोल बदलतं, हे पाहून तुम्ही चकित होता.

गाडीत मामा कंपनीच्या मालकांविषयी सांगत राहतो. धुंडिराज गोविंद फाळके, सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. जन्म त्र्यंबकेश्वरचा. चित्रं काढायला शिकले, फोटो काढायला शिकले, छापखाना चालवला, जादूचे प्रयोग केले. आपलं आडनाव उलटं फिरवून प्रोफेसर केळफा हे नाव घेत आणि लोकांना थक्क करत.

"आणि हे चित्रांचं खूळ कुठून आलं?"

मामा सांगतो ते ऐकून तुम्ही सरसावून बसता, कारण त्या गोष्टीच्या सुरुवातीलाही एक मूल आहे. १९११च्या एप्रिलमध्ये फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले होते. पडद्यावर प्राणी हलताना दिसले. भालचंद्रनं घरी येऊन आईला सांगितलं की भिंतीवर जिवंत जनावरं पाहिली, आणि घरात कुणाचाच विश्वास बसला नाही. पोराचं खरं ठरावं म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन गेले. त्या दिवशी ईस्टर होता, म्हणून येशूच्या जीवनावरचा चित्रपट लावलेला होता. तो पाहताना फाळक्यांना पडद्यावर कृष्ण आणि राम दिसू लागले.

पुढं लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसनचा कॅमेरा आणला. १९१२ साली दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरून तो रोज थोडा थोडा चित्रित केला आणि 'अंकुराची वाढ' दाखवली. महिनाभराचं उगवणं क्षणांत घडताना पाहून माणसं पैसे लावायला तयार झाली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम त्या रात्री घरातच करत. दिवसा कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडं असे, शिवाय उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळवायचं कामही.

'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण वांगणीला होतं तेव्हाची गोष्ट तर मामा दोनदा सांगतो. नटमंडळी पुढं गेली आणि फाळके मागून येणार होते. गावकऱ्यांनी ढाली-तलवारी घेतलेली माणसं पाहिली आणि दरोडेखोर आले म्हणून पाटलाला कळवलं. सगळे धरले गेले. फाळके आले, त्यांनी रिकामा कॅमेरा फिरवून चित्रीकरण कसं करतात ते दाखवलं, तेव्हा कुठं सुटका झाली. तुम्ही हसता. मग मामाचा आवाज खाली येतो. त्याच मुक्कामात भालचंद्र इतर पोरांबरोबर खेळताना दगडावर पडला आणि डोकं फुटलं. तो रोहिदास झाला होता. मुलगा बेशुद्ध असताना वडिलांनी रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित करून घेतला, कारण काम थांबलं असतं तर पुन्हा उभं राहिलं नसतं. तुम्हाला शेंडीपासून शहारा येतो. पडद्यासाठी मूल काय देतं, हे तुम्हाला या एका गोष्टीतून कळतं आणि पुढं सगळं पाहताना ते तुमच्या मनात राहतं.

नाशिकरोडला उतरल्यावर शहरात जायला घोड्यांची ट्राम आहे. घोडे रुळांवरून डबा ओढतात. मामाला हात धरून तुम्हाला खाली उतरवावं लागतं.

मामाची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८च्या १ जानेवारीला सुरू झाली. आवारात पाऊल टाकताच पहिल्यांदा वास येतो तो रंगाचा, सरसाचा आणि मोठ्या पातेल्यातल्या आमटीचा. माणसं इथंच राहतात, इथंच जेवतात, पंगत एकत्र बसते. मामाची छप्पर नसलेली घरं एका रांगेत उभी आहेत: समोरून वाडा, मागून बांबू. "वरून ऊन यायला पाहिजे," मामा सांगतो. "चित्र उन्हावर निघतं. ढग आला की सगळे हात गुडघ्याला बांधून बसतात." फिल्मला तांबडा रंग दिसत नाही, ती त्याला काळाच करून टाकते. म्हणून चेहऱ्याला काय फासायचं आणि कापड कुठल्या रंगाचं घ्यायचं, हे डोळ्यांवर न सोडता फिल्मच्या स्वभावावर ठरवावं लागतं. निळं आभाळ पांढरंफटक निघतं. तुमच्या सावळ्या पोरांच्या टोळीला इथं उभं केलं असतं तर सगळे कोळशासारखे दिसले असते, असं मामा म्हणतो.

आज 'कालियामर्दन'चं काम आहे.

मुलांचा घोळका आवारात धावतोय. घोळक्याच्या पुढं आहे कृष्ण: डोक्यावर मोरपीस, हातात बासरी, गालात दबलेलं हसू. मामा तुमच्या कानात सांगतो, ती मालकांची मुलगी मंदाकिनी. मागच्या वर्षी 'श्रीकृष्णजन्म'मध्येही कृष्ण तीच होती. सात वर्षांची पोर. तुम्ही तिच्याकडं बघत राहता. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामतीसाठी बाई मिळाली नाही म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली होती. १९१४च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमलाबाई, ज्या पुढं कमलाबाई गोखले झाल्या, कॅमेऱ्यापुढं आल्या. आणि आता एक मुलगी चक्क देव झाली आहे, तोही खोडकर देव. या पाच-सहा वर्षांत केवढं अंतर कापलं गेलं!

कॅमेऱ्यामागं हॅंडल फिरू लागतं. लय चुकली तर पडद्यावर माणसं धावतील किंवा रेंगाळतील, म्हणून फिरवणाऱ्याचा हात घड्याळासारखा एका गतीनं चालतो. एका फुटात सोळा चित्रं. मुलांना दोनच गोष्टी सांगितलेल्या आहेत: आखलेल्या रेघेच्या बाहेर जायचं नाही आणि कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. पण पोरं ती पोरंच. एक जण लेन्सकडं बघून दात काढतो. काम थांबतं, फिल्म फुकट जाते, पुन्हा सुरू होतं. मंदाकिनी मात्र कॅमेरा तिथं नसल्यासारखी वावरते. ज्या घरात फिल्म रात्री स्वयंपाकघरात भोकं पाडून तयार होत होती, त्या घरातल्या मुलीला कॅमेऱ्याचं काय नवल?

आता काही महिने एका उडीत पार करा. तुम्ही गिरगावात, मॅजेस्टिक थिएटरात आहात. 'कालियामर्दन' लागलाय आणि तो दहा महिने चालणार आहे. तुम्ही पुढं, पडद्याच्या अगदी जवळ, मान वर करून बसलात. आवाज नाही. बाजूला पेटी आणि तबला चाललाय. पडद्यावर अक्षरांची पाटी आली की ज्याला वाचता येतं तो शेजाऱ्यांसाठी मोठ्यानं वाचतो.

चित्रपट गोष्टीपासून सुरू होत नाही. आधी फक्त मंदाकिनीचा चेहरा येतो. पाटी सांगते, सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरचे हे भाव पाहा. आणि ती दाखवते: हसणं, रुसणं, भीती, राग. साध्या मुलीच्या रूपातून ती पाहता पाहता कृष्णाच्या वेशात येते. फाळक्यांनी प्रेक्षकापासून काही लपवलं नाही. ही आमची मुलगी आहे, आणि आता ती तुमचा देव होणार आहे, असं त्यांनी उघड सांगितलं. एवढा विश्वास एका लहान मुलीवर टाकणारा दिग्दर्शक त्या काळात दुसरा मला माहीत नाही.

मग गोकुळ. गावातली एक बाई कृष्णाच्या सवंगड्याच्या तोंडावर पाणी उडवून अपमान करते. बस्स, एवढंच कारण. टोळी जमते. तुम्ही खुर्चीवर पुढं सरकता, कारण पुढं काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. हीच ती पूर्णेकाठची संध्याकाळची बैठक. टोळी त्या बाईच्या घरातलं लोणी लांबवते. पकडापकडी, गोंधळ, शिक्षा. शिक्षेनं कुणी सुधारत नाही. पुढची स्वारी एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या झोपायच्या खोलीत. नवरा-बायको गाढ झोपलेत. कृष्ण पावलं न वाजवता शिरतो, व्यापाऱ्याची दाढी घेतो, बायकोचे केस घेतो आणि दोन्हींची गाठ मारतो.

पुढची काही मिनिटं थिएटरात काय होतं ते शब्दांत मावत नाही. पहिल्या झटक्याला दोघं जागे होतात, दुसऱ्या झटक्याला ओरडतात, आणि मॅजेस्टिकमधली माणसं पोटं धरतात. तुमच्या शेजारचा गिरणी कामगार डोळे पुसतोय. पलीकडं एक आजोबा मांडीवर थाप मारतायत. हे सगळे गेल्या वर्षी मानमोडीतून उरलेले लोक आहेत. त्यांना हसायला एक सात वर्षांची पोर लागली.

तक्रारदार जमतात. सगळे नंदाच्या दारात. आता कृष्णाचं काय होणार? आणि इथंच गोष्ट वळण घेते. तो यमुनेच्या डोहात उडी घेतो, खाली कालिया नागाशी झुंजतो. पडद्यावर एकदा पाण्याखालची झुंज, एकदा काठावरचे रडणारे आईबाप, पुन्हा झुंज, पुन्हा काठ. फाळके या दोन ठिकाणांत इतक्या घट्टपणे ये-जा करतात की थिएटरातल्या बायका मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागतात. काठावर तेच लोक उभे आहेत जे मघाशी तक्रार घेऊन आले होते. ज्याच्या खोड्यांनी ते वैतागले होते, त्याच्यासाठीच आता त्यांचा जीव कासावीस झालाय. मग कालियाच्या फण्यावर उभी राहिलेली मंदाकिनी दिसते.

इथं फाळक्यांना जे सांगायचं होतं ते तुम्हाला समजतं, कारण तुम्ही नऊ वर्षांचे आहात. दाढीला गाठ मारणारे हात आणि डोहात उडी घेणारे पाय एकाच पोराचे आहेत. सवंगड्याचा अपमान झाला म्हणून जो लोणी चोरतो, तोच गावासाठी विषारी पाण्यात उतरतो. खोडी आणि धैर्य एकाच मुळातून येतात: आपल्या टोळीतल्या सगळ्यात लहानाला कुणी त्रास दिला तर सहन करायचं नाही. मोठ्यांना फक्त खोडी दिसते. चांगला दिग्दर्शक तिच्यामागचा न्याय दाखवतो.

आता तसेच बसून जगभर नजर टाका. १८९५ साली फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी एक मिनिटाचं चित्र काढलं होतं: माळी बागेत पाणी घालतोय, एक पोरगा नळीवर पाय देतो, माळी नळीत डोकावतो, पोरगा पाय काढतो. पडद्यावरचा जगातला पहिला विनोद म्हणून हेच चित्र ओळखलं जातं, आणि तो विनोद एका पोराची खोडी आहे. पण तिथं पोरगा एकटा आहे. गोकुळात टोळी आहे, टोळीचं आतलं नातं आहे, म्हणून गोष्ट पुढं जाते.

आता १९२१ सालात या, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसजवळ. हॅल रोच नावाचा निर्माता आपल्या कचेरीत बसलाय. समोर एक लहान मुलगी रंगरंगोटी करून शिकवलेलं काम सफाईदारपणे करून दाखवतेय आणि रोचला कंटाळा आलाय. त्याची नजर खिडकीबाहेर जाते. शेजारच्या लाकडाच्या वखारीत काही पोरं काठ्यांवरून भांडतायत. कुणाची काठी मोठी, कुणाची कुणी घेतली. तो पंधरा मिनिटं बघत राहतो आणि त्याला वाटतं, आपल्याला जे हवं ते हे आहे. १९२२ साली 'अवर गँग'चे छोटे चित्रपट सुरू होतात. दोन रिळांचे, वीस मिनिटांचे. दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन मुलांना संवाद पाठ करायला न लावता खेळातूनच काम काढून घेतो. टोळीत झिपऱ्या, जाडा, सगळे आहेत, आणि डोळ्याभोवती गोल रिंगण असलेला कुत्राही. अर्नी मॉरिसन आणि अॅलन हॉस्किन्स ही काळी मुलं गोऱ्या मुलांबरोबर एकाच खेळात दिसतात, तेही त्या देशात जिथं अनेक राज्यांत त्यांना एका शाळेत बसता येत नव्हतं. पडद्यावर त्या काळचे वंशाचे ठराविक विनोद होतेच, पण टोळीनं जात-वर्णाची रेघ बरीचशी पुसली होती. १९४४पर्यंत असे दोनशे वीस लघुपट निघाले.

रोचला जे खिडकीतून दिसलं ते फाळक्यांना दोन वर्षं आधी आपल्या अंगणात दिसलं होतं. आणि ते त्यांना नव्यानं शोधावं लागलं नाही. ते गौळणीच्या गाऱ्हाण्यात होतं, काल्याच्या कीर्तनात होतं, दहीहंडीच्या थरात होतं, पूर्णेच्या काठावरच्या तुमच्या टोळीत होतं. शेकडो वर्षं आपण देवाला पोरांच्या टोळीचा म्होरक्या म्हणून ओळखत आलो. फाळक्यांनी फक्त कॅमेरा तिकडं वळवला.

विनोदाचं हे काम त्यांनी 'कालियामर्दन'च्या आधीच सुरू केलं होतं. 'मोहिनी भस्मासुर'बरोबर 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी चित्रपट दाखवला गेला. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्याच हलत्या केल्या. मोठ्या पौराणिक चित्राबरोबर चार-पाच मिनिटांची गंमत द्यायची, म्हणजे पोरं आईबापांना ओढून आणतील, हे या जादूगाराला पक्कं माहीत होतं.

शेवटची उडी पुण्यात. १९६४च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालंय आणि तिथले पी. के. नायर फाळक्यांच्या चित्रांचा माग काढत फिरतायत. त्यांच्या हाती फाळके कुटुंबाकडं उरलेली रिळं येतात. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते, आपोआप कुजते, चिकटून वड्या होतात. फाळक्यांनी केलेल्या शंभराहून अधिक चित्रांपैकी फार थोड्यांचे तुकडे शिल्लक आहेत. 'पिठाचे पंजे' गेला. पण 'कालियामर्दन'चे सहा हजार फुटांपैकी साडेचार हजारांच्या जवळपास फूट वाचले. नायर त्यांचा क्रम लावतात. मंदाकिनीचा चेहरा वाचला. लोणीचोरी वाचली. दाढीची गाठ वाचली. डोहातली उडी वाचली.

१९१९चा हा चित्रपट आज कुणाच्याही मालकीचा नाही, तो सगळ्यांचा आहे, इंटरनेटवर सापडतो. तरी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तो किती मुलांनी पाहिलाय? आपण त्यांना सांगतो की फाळके भारतीय चित्रपटाचे जनक, 'राजा हरिश्चंद्र' लागल्याची तारीख पाठ करून घेतो, ३ मे १९१३, आणि तिथंच थांबतो. जनकानं मुलांसाठी, मुलांना घेऊन केलेलं काम मात्र त्यांच्या डोळ्यांपुढं येत नाही. हे बदलायला सरकारी योजना लागत नाही. एक प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही, एक अंधारी खोली, पाट्या मोठ्यानं वाचणारा एक मोठा मुलगा आणि गावातला एखादा पेटी-तबल्यावाला एवढं पुरे. गोपाळकाल्याच्या दिवशी हंडी फोडून झाली की अंगावरची घाण धुऊन पोरांना बसवा. आधी काहीही समजावून सांगू नका. त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी ज्याला पाहून पोट धरलं, तो प्रसंग आला की ती स्वतःच हसतील.

आणि चित्रपट संपल्यावर त्यांच्या हातात मोबाइल द्या, बाहेर सोडा आणि आपल्या टोळीचं चित्र काढायला सांगा. त्यांना कथा शोधावी लागणार नाही.